पऱ्हाटीचं औषध टमाट्यावर नको

कोलंबस, ओहायो

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पोळ्याला दादाने बैलांच्या फोटोंसोबत घरामागच्या सांदवाडीतल्या टमाट्याचाही एक फोटो पाठवला. देठाजवळ भोक, त्यात अर्धी आत अर्धी बाहेर अळी. खाली लिहिलं होतं, "पऱ्हाटीचं औषध उरलं आहे, मारून टाकतो." तेव्हाच फोन करून त्याला थांबवलं, पण कारण धड सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

कपाशीचं बोंड कोणी खात नाही, टमाटा मात्र चिंटू झाडावरूनच तोडून तोंडात घालतो. आणि 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसेक माणसं गेली, त्याच हंगामात बाबा वावरातून डोळे चोळत, भिंतीला धरत घरी आले होते. ती संध्याकाळ मी विसरलेली नाही. तो पंप सांदवाडीत नका आणू.

फोटोतली अळी तुमच्या ओळखीचीच आहे. हरभऱ्यावरची घाटेअळी, तीच ही. अंगावर लांब रेघा. रंग कधी हिरवा, कधी तपकिरी. एक टमाटा पुरा न संपवताच दुसऱ्यात तोंड घालते, म्हणून एकटीच कितीतरी फळं नासवते. तिचं पाखरू शेंड्याच्या कोवळ्या पानांवर सुटं सुटं अंडं घालतं, खसखशीहूनही लहान. पानामागे भुरकट केसांनी झाकलेला अंड्यांचा पुंजका दिसला तर ती दुसरी, तंबाखूवरची अळी. तेवढं पान तोडलं की शेकडो अळ्या गेल्याच.

फळात शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही. भोकाचे टमाटे तोडून साबणाच्या पाण्यात बुडवा, कुंपणाशी टाकू नका. अळी निघून मातीत कोष करते.

इथे माझी चारच झाडं. जुलैत एका सकाळी शेंड्याच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या आणि अळी काही दिसेना. खालच्या पानावर मिऱ्यांसारख्या काळ्या लेंड्या होत्या. त्यांच्या बरोबर वर पाहिलं, तर बोटाएवढी हिरवी अळी, शेपटीवर शिंग! दुसरीच्या पाठीवर तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे कोष. शेजारच्या आजी म्हणाल्या, हिला मारू नकोस. एका बारीक गांधीलमाशीची पिल्लं अळीला आतून खाऊन बाहेर येतात, त्यांचे ते कोष. काही दिवसांनी पाहिलं तर प्रत्येक कोषाचं टोपण उघडं, माशा उडून गेलेल्या. अळ्यांवर जगणाऱ्या अशा माशा आपल्याकडेही आहेत, आणि जहाल औषधाने त्याही मरतात.

आई, तू वाळवलेल्या निंबोळ्या असतीलच. पाव किलो कुटून रात्रभर पाण्यात भिजव, फडक्यातून गाळ, एकूण पाच लिटर कर. चिमूटभर साबणचुरा घालून संध्याकाळी पानांच्या मागूनही फवार. अळ्या लहान असतानाच याचा उपयोग. तेवढ्याने नाही भागलं, तर कृषी केंद्रातून बीटीची पावडर आणा. बीटी कपाशीला ज्या जिवाणूवरून नाव पडलं, त्याचीच ती. अळीच्या पोटात गेली तरच काम करते, आणि उन्हात टिकत नाही, म्हणून तीही संध्याकाळीच.

दसऱ्याचा झेंडू पुढच्या वर्षी टमाट्याच्या आधी, वाफ्याच्या कडेने लावा. घाटेअळीचं पाखरू त्याच्या फुलांवर अंडी घालायला जातं.

दादाला म्हणावं, शेंड्याच्या पानांचा जवळून फोटो पाठव, खालून आणि वरून. चिंटूला पापा.

तुमची,
लेक