काळा भुंगेरा दिसला की लगेच औषध कशाला?

मा. संपादक,

तुमच्या शेतीच्या पानावर मागे कोणीतरी विचारलं होतं की रात्री जमिनीवर काळे चकचकीत भुंगेरे पळताना दिसतात, काय करू, आणि त्याखाली उत्तर होतं की कीटकनाशक टाका. एवढंच. भुंगेरा कुठला, तो खातो काय, हे एका शब्दाने विचारलेलं नाही. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, जरा लांबलं तरी छापा ही विनंती.

ज्यांना ग्राउंड बीटल म्हणतात त्या भुंगेऱ्यांच्या जगात साधारण ४०,००० जाती आहेत. त्यातले पुष्कळ जण अळ्या, मावा, गोगलगायी खातात, ते निदान लोकांनी ऐकलेलं तरी असतं, पण यातल्या कितीतरी जाती बियांवर जगतात आणि शेतात त्या बिया म्हणजे बहुतेक तणांच्याच, हे कोणी सांगतच नाही. हार्पालस आणि अमारा हे त्यातले दोन मोठे गट. रात्री टॉर्च घेऊन उकिडवं बसून बघा कधीतरी, भुंगेरा मिशा हलवत येतो, बी जबड्यात पकडतो, फिरवत फिरवत कडेने कुरतडतो, कवच फुटलं की आतला गर खातो आणि टरफल तिथेच टाकून पुढे निघतो. शिकारी जातींचा जबडा लांब आणि टोकदार असतो, यांचा आखूड, रुंद आणि दणकट, बी फोडायलाच बनलेला. (अमारातले काही जण दिवसाही फिरतात, त्यामुळे रात्रीच दिसतात असंही नाही.)

आणि हे समोर येईल ती बी खात नाहीत, चांगली निवड करतात. चेक देशात अलोइस होनेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर खूप काम केलंय, वेगवेगळ्या तणांच्या बिया छोट्या ट्रेमध्ये प्लॅस्टिसिनवर, म्हणजे मुलांच्या खेळायच्या मऊ मातीवर, चिकटवून भुंगेऱ्यांसमोर ठेवायच्या आणि कुठल्या आधी संपतात ते बघायचं, अशी ती पद्धत. त्यातून कळलं की भुंगेऱ्याच्या अंगाचा आणि बीच्या आकाराचा सरळ संबंध आहे, मोठा भुंगेरा मोठी बी उचलतो, छोट्याला मोठी बी धरताच येत नाही. पण नुसतं आकारावर नाही हां, घराणंही बघावं लागतं. अमारा सिमिलाटा नावाच्या जातीला मोहरीच्या कुळातल्या बिया लागतात, तिच्या अळ्या नुसत्या किड्यांवर नीट वाढतच नाहीत. ओफोनस गटातले भुंगेरे गाजराच्या कुळातल्या बियांमागे असतात. हार्पालस रुफिपेस तर चाकवताच्या बियांचा एवढा शौकीन की त्याच्या अळ्या जमिनीतल्या बिळात बिया नेऊन साठवून ठेवतात! कवच किती जाड आहे त्यानेही फरक पडतो. आणि अमेरिकेतल्या एका हार्पालस जातीवरच्या प्रयोगात दिसलं की पाणी पिऊन फुगलेली बी तो कोरड्या बीपेक्षा जास्त खातो, तिचा वास त्याला लागतो. म्हणजे जी बी आता उगवणार तीच आधी त्याच्या तोंडी पडते, मला तर ही सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

आता कोणी म्हणेल हे सगळं प्रयोगशाळेतलं, शेतात काय फरक पडतो. तर २०११ साली ब्रिटनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, तिथल्या २५७ शेतांच्या माहितीवर केलेला, आणि त्यात असं दिसलं की जिथे बिया खाणारे भुंगेरे जास्त तिथे मातीतला तणांच्या बियांचा साठा कमी वाढतो. तण पूर्ण जातं असं मी म्हणत नाही, खुरपणी काही सुटत नाही, पण पुढच्या वर्षी उगवणारं तण कमी होणं ही काय छोटी गोष्ट आहे का?

हेही सांगतो की सगळेच साधे नाहीत. हाच हार्पालस रुफिपेस स्ट्रॉबेरीवरच्या बिया कुरतडून फळ खराब करतो, आणि झाब्रस नावाचा एक भुंगेरा गहू-बार्लीचं खरंच नुकसान करतो. म्हणून तर म्हणतोय की आधी ओळखा आणि मग ठरवा.

माझं खरं म्हणणं मात्र नांगरटीबद्दल आहे आणि त्यावर तुमच्या पानात कधी काही येत नाही. हे भुंगेरे मुख्यतः वर पडलेल्या बिया खातात, बी जरा खोल गाडली गेली की त्यांना ती सापडत नाही. पीक काढलं की दुसऱ्या दिवशी नांगर घालायची घाई आपण करतो, त्याने तणाच्या ताज्या बिया खाली जातात आणि काही वर्षांसाठी सुरक्षित होतात, वर भुंगेऱ्यांच्या अळ्याही त्यात मरतात ते वेगळंच. जिथे जमतंय तिथे काढणीनंतर थोडे आठवडे जमीन तशीच राहू द्यावी, धसकटं आणि पालापाचोळा वर राहू द्यावा आणि कडेचं गवत जाळू नये, कारण भुंगेरे लपतात ते तिथेच. ब्रिटनमध्ये तर शेताच्या मधून मुद्दाम गवताचे उंच पट्टे ठेवतात आणि त्याला नावच बीटल बँक दिलंय.

तेव्हा त्या जुन्या उत्तरासोबत एवढं तरी छापा की औषध टाकण्याआधी एक प्लॅस्टिकचा ग्लास जमिनीत असा पुरा की त्याचा काठ मातीच्या बरोबर येईल, वर दोन दगडांवर फळी ठेवा म्हणजे पाऊस आत जाणार नाही, सकाळी बघा कोण पडलंय, जबडा नीट बघून घ्या आणि सोडून द्या. उशीर करू नका, नाहीतर आतल्या आत एकमेकांना खातात.

आपला,
एक नियमित वाचक