पुस्तक मिटून बस

डिचोली,
चवथीनंतरचा रविवार

प्रिय शैला,

पत्र मिळालं. "तीनतीनदा वाचते, परीक्षेचा पेपर हातात आला की डोकं कोरं. वय झालं बहुतेक," असं लिहिलं आहेस. वयाचं सोड गं. पेडण्यातल्या अर्ध्या गावाची सोयरीक तुला तोंडपाठ आहे, तुझ्या डोक्याला काय धाड भरलीय? मला खटकलं ते "तीनतीनदा वाचते" हे.

घुमटाच्या तालावर सगळ्यांबरोबर आरत्या म्हणताना आपल्याला त्या पुऱ्या येतात असं वाटतं. एकटीने म्हणायला सांगितलं की तिसऱ्या कडव्यापाशी अडतो, कारण एरवी शेजारचीचा शब्द कानावर पडला की पुढचा सुचत असतो. उघडं पुस्तक म्हणजे तीच शेजारीण. दुसऱ्यांदा वाचताना ओळ ओळखीची वाटते, तिसऱ्यांदा तर फारच सोपी, आणि आपण खूश होतो की झालं पाठ.

२००६ साली रोएडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर नेमकं हेच तपासून पाहिलं. काहींनी एक उतारा चार वेळा वाचला. काहींनी एकदाच वाचला आणि मग न बघता तीनदा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं, तर वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१. गंमत म्हणजे आपल्याला चांगलं आठवेल याची खात्री जास्त होती ती चारदा वाचणाऱ्यांनाच! शाळेत मी रोज पाहते ते हेच. चार रंगांच्या पेनांनी अख्खं पान रंगवणारी मुलं सर्वांत निर्धास्त असतात.

तेव्हा आता असं कर. गोव्याच्या इतिहासाचा धडा एकदा सावकाश वाच, पुस्तक मिट, कोरा कागद घे आणि आठवेल ते लिही. जुन्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेले तालुके, कोणत्या? तिसवाडी, बारदेश, साष्टी. आणि नव्या, म्हणजे नंतर जिंकलेल्या? फोंडा लिहिशील, आमची डिचोली लिहिशील, पेडणं तर लिहिशीलच, मग अडशील. अडलीस की लगेच पान उघडू नकोस. थोडं डोकं खाजव, चिडचीड होऊ दे. सत्तरी आठवेल, काणकोण आठवेल. सांगे-केपे राहिलेच तर मग पुस्तक बघून लाल शाईने भर. दुसऱ्या दिवशी आधी त्या लाल शब्दांनाच हात घाल.

सनावळीचं तुझं रडगाणं मला पटतं. सुट्या तारखा कुणाच्याच डोक्यात राहत नाहीत, त्यांना "का" विचारावं लागतं. १९६१च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. मग प्रश्न आला, महाराष्ट्रात जायचं की वेगळं राहायचं? म्हणून १६ जानेवारी १९६७चा जनमत कौल. कौल वेगळं राहण्याच्या बाजूने लागला, म्हणूनच पुढे ३० मे १९८७ला घटक राज्य होता आलं. आता यातलं एक विसरलीस तरी बाकीच्यांवरून त्याच्यापर्यंत पोचशील.

आणि सगळं एका रात्रीत नको. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून, ती पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात हे मोजलं आणि १८८५ साली छापलं. एका दिवसाने जेमतेम तिसरा हिस्सा श्रम वाचत होते, महिन्याने साधारण पाचवा. म्हणजे मोठी गळती पहिल्या दिवसातच होते, पुढे ती मंदावते. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. थोडं विसरायला झालेलं असतानाच आठवायचं, त्यातच फायदा आहे.

यासाठी वेगळा वेळ कुठून काढू असं म्हणशील. कदंबच्या बसमध्ये रोज बसतेसच ना? म्हापशापासून पर्वरीपर्यंत फोन पिशवीत ठेव आणि कालचा धडा मनातल्या मनात स्वतःला सांग. पणजीत पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत गेलीस तरी निम्मा वेळ पुस्तक मिटून बस. लोक झोपली म्हणतील, म्हणू देत.

गणितात मात्र एकाच प्रकारची वीस उदाहरणं ओळीने सोडवू नकोस. टक्केवारी, नफा-तोटा, काळ-काम-वेग मिसळून घे, कारण पेपरात कुठली रीत लावायची हे आधी ओळखावं लागतं.

सासूबाईंचे बदाम खा, चवीला चांगलेच असतात. ब्राह्मी तेलाने केस काळे राहिले तर राहोत. पण रात्री दोनपर्यंत जागणं बंद. वाचलेलं डोक्यात मुरतं ते झोपेत.

उत्तर लिहायला बसशील तेव्हा हे पत्र पुन्हा वाचू नकोस. नव्या काबिजादीतले सगळे तालुके, जनमत कौलाची तारीख आणि आठवड्यानंतरचे ते दोन आकडे न बघता लिहून पाठव. चुकलेल्यांवर लाल खूण करून मी परत धाडीन. बाळूला पापा, आणि यंदाच्या नेवऱ्या उरल्या असतील तर कुणाबरोबर तरी पाठव.

तुझी,
मेघा