गादीच्या खोळीची चिंधी: काकांना पत्र

तीर्थस्वरूप काका यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

समोर आभार मानले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय. इथे अमेरिकेतल्या इंडियानात किंवा आणखी कुठे एखादा मराठी माणूस ठासणीची बंदूक घेऊन माझ्यासारखाच अडला असेल, तर त्याच्याही कामी येईल.

कुडाळजवळच्या आमच्या घरी आजोबांची ठासणीची बंदूक होती, शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची, आणि परत मिळाली की आजोबा अर्धा दिवस नळी पुसत बसायचे. त्या आठवणीपोटीच मी इथे पन्नास कॅलिबरची (म्हणजे अर्ध्या इंचाच्या नळीची), स्फोटक टोपीवर उडणारी ठासणीची रायफल घेतली. वेग मोजायला क्रोनोग्राफही घेतला.

नंतरचे दोन महिने तुम्हाला माहीत आहेत. ९० ग्रेन (साधारण सहा ग्रॅम) बंदुकीची काळी दारू घालून एक गोळी सेकंदाला १,७२० फुटांनी जायची, तर पुढची १,८४० फुटांनी. मध्येच यंत्र अगदी अशक्य आकडा दाखवायचं. ५० यार्डांवर पाच गोळ्या साडेसहा इंचांत विखुरलेल्या. वेग वाढला की नेम सुधारेल, असं धरून मी दारू वाढवतच होतो.

तुम्ही आलात आणि लक्ष्याच्या कागदाकडे पाहिलंही नाहीत. गोळीबार थांबल्याची हाक झाल्यावर नळीपुढच्या गवतात उतरलात आणि गोळीभोवती गुंडाळून ठासलेल्या माझ्या उडालेल्या चिंध्या गोळा करून आणल्यात. कडा जळालेल्या, दोन तर मधोमध फाटलेल्या. "गोळी आट्यांना, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचांना, धरतच नाही, चिंधी धरते," तुम्ही म्हणालात. शिशाची गोळी नळीपेक्षा किंचित लहान असते. चिंधीच तिला घट्ट बसवते, आट्यांबरोबर फिरवते आणि मागचा वायू अडवते. ती फाटली की वायू बाजूने निसटतो, मग वेगही डळमळतो आणि नेमही. इतके दिवस मी जे गवतात टाकून देत होतो, त्यातच उत्तर होतं.

काकूंनी गादीच्या खोळीचं जाड कापड काढलं, खळ जाईपर्यंत धुतलं आणि चौकोन कापून दिले. तुम्ही क्रोनोग्राफ पाच फुटांवरून पंधरा फुटांवर सरकवलात, कारण धूर, न जळालेले दाणे आणि चिंधी यांनाच ते यंत्र गोळी समजत होतं. दारू ती साठवायच्या शिंगातून थेट नळीत न ओतता आधी मापात घ्यायची, हेही तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलंत. नळीत एखादी ठिणगी उरली असेल तर हातातलं अख्खं शिंग पेटेल.

एक गोष्ट मात्र मला सोडायला जड गेली. आजोबा गोळी ठासायचा गज नळीत आपटायचे आणि ठण्ण असा आवाज आला की बार बसला म्हणायचे. तुम्ही म्हणालात, त्याने मऊ शिसं चेपतं. तुम्ही गजावर खूण करायला लावलीत. खूण नळीच्या तोंडाशी आली की गोळी दारूवर टेकली. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगू शकते, म्हणून ती खूण प्रत्येक बाराला बघायची.

मग एका वेळी एकच बदल. आधी फक्त चिंधी, मग दारू ९० वरून ७०, मग दर बारानंतर नळी पुसणं. शेवटच्या पाच गोळ्यांचा वेग १,५९० च्या आसपास होता आणि सगळ्यांत वेगवान व सगळ्यांत मंद गोळीत फरक जेमतेम ३५ फुटांचा. गोळ्या पावणेदोन इंचांत! वेग कमी झाला होता आणि नेम बसला होता. तो कागद मी जपून ठेवलाय.

नळी थंड होईपर्यंत तुम्ही बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाची गोष्ट सांगितलीत. त्याने १७४२ साली टांगलेल्या लाकडी ठोकळ्यावर गोळी झाडून, ठोकळा किती झुलला त्यावरून तिचा वेग काढला. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला. तेव्हापासून क्रोनोग्राफ लावताना मला तो ठोकळा आठवतो.

आता शंभर यार्ड. तिथवर गोल गोळी आपला चाळीसेक टक्के वेग गमावते, तेव्हा वाऱ्याचा हिशेब तुमच्याकडूनच शिकायचा आहे. सप्टेंबरात फ्रेंडशिप गावच्या मैदानावर ठासणीवाल्यांचा मेळा भरेल. गाडी मी काढतो.

आई पुढच्या महिन्यात येतेय. काकूंसाठी तिला कुडाळच्या बाजारातून खोळीचं कापड आणायला सांगितलंय, निळ्या पट्ट्यांचं. त्याची जाडी तुम्हीच मोजा.

कळावे, लोभ असावा.

तुमचा,
कुडाळकर