नवे रेणू कपाटात, जंतू वॉर्डात

संपादक महोदय,

औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंची बातमी आली की ‘नव्या प्रतिजैविकांची तातडीने गरज’ हे वाक्य तिच्यात असतेच. मुंबईपुरते बोलायचे तर नवे रेणू, म्हणजे औषध ठरू शकतील अशी नवी रसायने, घडवणाऱ्या हातांची इथे वानवा नाही. आपल्या फार्मसी कॉलेजांत आणि रसायनशास्त्र विभागांत एम.फार्म. व पीएच.डी.चे विद्यार्थी दरवर्षी ट्रायझोल, क्विनोलिन, शिफ बेस अशा रसायनांची नवनवी रूपे तयार करतात, एनएमआर ही रेणूची रचना दाखवणारी तपासणी करून रचना पक्की करतात. घोडे पेंड खाते ते पुढे, चाचणीपाशी.

अनेक प्रबंधांतली चाचणी म्हणजे जंतू पसरलेल्या आगर प्लेटवर (जंतू वाढवायच्या जेलीच्या बशीवर) रेणूत भिजवलेली चकती ठेवायची आणि तिच्याभोवती जंतू न वाढलेले वर्तुळ किती मिलिमीटरचे, ते मोजायचे. रुग्णाला प्रचलित औषधांपैकी कोणते लागू पडेल हे ठरवायला ही पद्धत उत्तम. नव्या रेणूच्या बाबतीत मात्र ती फसवते. पाण्यात नीट न विरघळणारा रेणू आगरमध्ये पसरतच नाही. तो कितीही गुणी असला तरी वर्तुळ उमटत नाही. उलट विरघळवण्यासाठी घेतलेले डीएमएसओ हे द्रावक जास्त झाले, तर तेच जंतूंची वाढ रोखते आणि श्रेय रेणूला मिळते. त्यात जंतूही बहुधा कॉलेजच्या फ्रीजमधले, वर्षानुवर्षे जपलेले, साध्या औषधालाही शरण जाणारे.

खरी परीक्षा ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये होते. रेणू दर खळग्यात निम्मा-निम्मा पातळ करत न्यायचा आणि कोणत्या किमान प्रमाणात वाढ थांबते ते पाहायचे. यालाच एमआयसी म्हणतात. हे वॉर्डातून आलेल्या क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर यांसारख्या चिवट जंतूंवर करायला हवे. त्यांचे बाहेरचे आवरण बरेच रेणू आत येऊ देत नाही, आणि आत शिरलेले त्यांचे पंप बाहेर फेकतात. त्याच वेळी मानवी पेशी आणि तांबड्या रक्तपेशींवरही रेणू तपासायला हवा. जंतू फिनाइलनेही मरतात, म्हणून ते कोणी पाजत नाही!

एवढी सोय प्रत्येक कॉलेजने उभारावी ही अपेक्षा चुकीची आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात २०१५ मध्ये ‘को-ॲड’ हा उपक्रम सुरू झाला. जगातल्या कुठल्याही रसायनशास्त्रज्ञाने मिलिग्रॅमभर रेणू पाठवायचा. तिथे तो पाच जिवाणू आणि दोन बुरशींवर विनामूल्य तपासला जाई. आपल्या विद्यार्थ्यांसाठी असे केंद्र परळला का नसावे? तिथल्या हाफकिन संस्थेत हे नवे ठरणार नाही. १९४० च्या दशकात, साहिब सिंग सोखी संचालक असताना, तिथे सल्फा औषधांचे प्लेगवर प्रयोग झाले होते. केईएम, शीव, नायर या पालिका रुग्णालयांतून प्रतिरोधी जंतूंचे नमुने ओळख वगळून मिळाले, तर मुंबईचे रेणू मुंबईच्याच जंतूंवर तपासले जातील.

आमच्या मुलुंडलाही हा वारसा आहे. इथल्या हेक्स्ट या औषध कंपनीच्या संशोधन केंद्रात जिवाणूपासून मर्सासिडिन हे प्रतिजैविक मिळाले. १९९२ मध्ये त्यावरचे शोधनिबंध आले. मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूवर ते चालत होते, तरी औषधाच्या दुकानापर्यंत पोहोचले नाही. या धंद्यात पैसाही फारसा नाही. ॲकाओजेन या अमेरिकी कंपनीच्या प्लाझोमायसिन या प्रतिजैविकाला २०१८ मध्ये मंजुरी मिळाली आणि पुढच्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली. तरीही मुंबईत मुख्यालय असलेल्या वोखार्टने सरकारी मदत घेऊन न्यूमोनियावरचे नॅफिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक तयार केलेच. म्हणूनच पहिली पारख सार्वजनिक पैशातून व्हावी, असे माझे म्हणणे आहे.

आणखी एक. फसलेले निकाल कोणी छापत नाही, त्यामुळे माटुंग्यात निकामी ठरलेला रेणू विलेपार्ल्यात दुसरा विद्यार्थी पुन्हा हौसेने बनवतो. या केंद्राने सगळे निकाल, वाईट निकाल तर आधी, सर्वांना पाहता येतील असे ठेवावेत. मुंबई विद्यापीठानेही ‘जंतुरोधक’ हा शब्द शीर्षकात असलेल्या प्रबंधाला एमआयसी आणि पेशींवरील विषारीपणाची चाचणी सक्तीची करावी. मात्र केंद्र आधी, सक्ती नंतर; नाहीतर त्याचा भुर्दंड विद्यार्थ्यांच्याच खिशाला बसेल.

– औषधनिर्माणशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, मुलुंड (पूर्व), मुंबई