मालाच्या जहाजावर जायचं म्हणतीस तर हे वाच

चि. बाळा, अनेक आशीर्वाद.

तू हॅम्बुर्गहून मालाच्या जहाजावर पॅसेंजर म्हणून जायचं बघालीस हे कळल्यापासून आई माझ्यावरच चिडून आहे, हे खूळ तुमच्याकडनंच आलं म्हणून. मावशीचापण खानापूरहून फोन येऊन गेला, एकटी पोर एवढ्या बाप्यांच्यात कशी राहणार म्हणून. मी म्हटलं अगं आपल्याकडची जुनी माणसं घाट उतरून वेंगुर्ल्याला जायची आणि तिथनं बोटीत बसून मुंबई गाठायची, बेळगावच्या कॅम्पातल्या पलटणीचं सामानपण त्याच बंदरातनं वर यायचं, माणसं आणि माल एका बोटीत हे आपल्याला काय नवीन नाही. तर माझं उत्तर जा असंच आहे. पण मी अर्धं आयुष्य गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, भांडी आपटत काढलंय, त्यामुळे तिकीट काढायच्या आधी माझं थोडं ऐकून घे.

पहिलं म्हणजे त्याच जहाजानं सरळ भारतात यायचं डोक्यातनं काढ. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बऱ्याच कंपन्यांनी सुएझ सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालायला सुरुवात केली, त्यात आठवडा-दोन आठवडे जास्तीचे जातात. तिकडचं कधी काय होईल सांगता येत नाही आणि मला रात्रीची झोप पाहिजे. आणि कोरोनात २०२० ला पॅसेंजर घेणं बंद झालं ते बऱ्याच कंपन्यांनी परत चालूच केलं नाही, त्यामुळे केबिन मिळणंच अवघड झालंय, मिळाली तर दिवसाला १०० युरोच्या वरच धर.

तुला समुद्र सोसतो का हे आधी बघून घे. ट्राव्हेम्युंडे बंदर तुझ्यापासनं जवळ आहे, तिथनं फिनलाइन्स कंपनीची जहाजं हेलसिंकीला जातात, तीसेक तासांचा प्रवास, खाली सगळे ट्रक-ट्रेलर आणि वर केबिन. ते काय खरं मालजहाज नव्हे, पॅसेंजर घेणारंच आहे, पण रात्री जहाज हलायला लागल्यावर तुझं काय होतंय ते तिथं कळेल. मग अटलांटिक ओलांडायचं बघू.

मालजहाजावर १२ च्या वर पॅसेंजर घेता येत नाहीत, १२ च्या वर गेले की कायद्यानं ते पॅसेंजर जहाज होतं आणि सगळे नियम बदलतात. म्हणून तिथं तुझ्या करमणुकीला कोणी नसणार. डॉक्टर नसतो, बहुतेक सेकंड ऑफिसरच किनाऱ्यावरच्या डॉक्टरला विचारून औषध देतो, आणि मधल्या समुद्रात हेलिकॉप्टर पोचत नाही. म्हणून कंपनी मेडिकल मागते, इन्शुरन्स मागते, जहाज तुझ्यासाठी वाट सोडून वळवावं लागलं तर त्याच्या खर्चासकट. ते कागद कटकट म्हणून बघू नको, एकेक ओळ वाच.

आता मला जे मनापासनं सांगायचंय ते. ते जहाज दुसऱ्या कोणाचं तरी घर आहे आणि तू तिथं पाहुणी आहेस. पंचवीसएक माणसं सहा-सहा, नऊ-नऊ महिने तिथं राहतात, पाळ्या चार-चार तासांच्या, १२ ते ४, ४ ते ८, ८ ते १२, म्हणजे भर दुपारीपण तुझ्या शेजारच्या केबिनमध्ये कोणीतरी झोपलेलं असतं. दार हळू लाव. कॉरिडॉरमध्ये फोनवर मोठ्यानं बोलू नको. अमेरिकेकडे जाताना मधनं मधनं रात्री घड्याळ एक तास मागं घेतात, पॅसेंजर खूश होतात जास्तीची झोप मिळाली म्हणून, पण कोणाच्या तरी पाळीत तो तास वाढलेला असतो गं.

गॅलीचं सांगतो. बिस्केच्या उपसागरात हवा बिघडली की आम्ही शेगडीला लोखंडी गजांची चौकट लावायचो, पातेलं सरकू नये म्हणून, भात-आमटी अर्ध्यापर्यंतच भरायची, आणि मेसमध्ये टेबलक्लॉथ पाण्यानं ओला करून अंथरायचा, ओल्या कापडावर ताटल्या घसरत नाहीत. बंदर सोडलं की पालेभाजी पहिल्यांदा संपवायची, मग टोमॅटो, शेवटी कोबी, बटाटा, कांदा उरतो, त्यातनं रोज वेगळं काय करायचं याचा विचार मी झोपेतपण करायचो. जेवणाची वेळ चुकवू नको, अर्धा तास उशीर केलास तर जेवण वाढणाऱ्या मेसमनची तेवढी झोप जाते. एक म्हातारी जर्मन बाई आली होती, रिटायर झालेली मास्तरीण, दुसऱ्या दिवसापर्यंत डेकवरच्या मुकादमापासनं, म्हणजे बोसनपासनं, इंजिनातल्या ऑइलरपर्यंत सगळ्यांची नावं पाठ, आणि रोज जेवल्यावर गॅलीच्या दारात येऊन काय आवडलं ते सांगून जायची. ती उतरली तेव्हा फिलिपिनो पोरं उतरायच्या शिडीपर्यंत तिची बॅग उचलून घेऊन गेली. तू तशी हो.

आणि बंदरात. कंटेनर जहाज थोडे तास थांबतं, कधी एखादा दिवस, तू पासपोर्ट दाखवून फिरायला जाशील पण क्रूला पाळी असते, किंवा शोर लीव्हचा, म्हणजे किनाऱ्यावर उतरायच्या परवानगीचा, कागद मिळत नाही. कोरोनात तर जगभर चार लाखांच्या आसपास खलाशी कॉन्ट्रॅक्ट संपूनपण जहाजावरच अडकले होते, त्यातले माझ्या ओळखीचेपण होते, त्यांच्या बायकांचे फोन अजून कानात आहेत. गावात जाताना विचार, कोणाला सिमकार्ड, साबण, शॅम्पू काही आणायचंय का म्हणून. ते पैसे देतील, घे, फुकट दिलेलं त्यांना आवडत नाही.

तुझ्याच हॅम्बुर्गात बंदरात डकडाल्बेन म्हणून खलाशांचा क्लब आहे, १९८६ पासनं चालू. मी तिथं बसून घरी फोन लावायचो, एका खोलीत सगळ्या धर्मांच्या देवांना जागा केलीय, आपलेपण देव आहेत. तिथं व्हॉलंटियर लागतात. जहाजाचं ठरायच्या आधी सुट्टीच्या दिवशी तिथं जाऊन काम कर, चहा दे, त्यांच्याशी बोल, मग ठरव.

बाकी बारीकसारीक. बुकिंग करताना विचार की केबिनसमोर कंटेनरची भिंत येते का, नाहीतर समुद्र दिसायचाच नाही. पुढच्या टोकाला जायचं असेल तर ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, विचारून जा, मोठ्या कंटेनर जहाजाचं इंजिन पार मागं असतं, तिथं पुढं त्याचा आवाज जवळजवळ येत नाही, नुसतं पाणी कापलेलं ऐकू येतं, मला ती जागा फार आवडायची. बंदरात काम चालू असताना डेकवर अजिबात फिरायचं नाही. रात्री केबिनला आतनं कडी, आणि कोणाचं वागणं खटकलं तर भीड न धरता सरळ कॅप्टनला सांगायचं, पाहुणी म्हणजे सोसणारी नव्हे. तारखा पुढंमागं होतात, बंदरपण बदलतं, म्हणून उतरल्यावरचं विमान आधी बुक करू नको. रूटमध्ये पिवळ्या तापाचा देश असेल तर लस किमान १० दिवस आधी घ्यावी लागते.

मेडिकल फॉर्म आला की मला फोटो पाठव, मी बघतो. आईला मी समजावतो, तू तिला रविवारी व्हिडिओ कॉल कर आणि केबिनचे फोटो दाखव. पुढच्या महिन्यात शेजारचा मुलगा तिकडं येणार आहे, त्याच्याबरोबर गोड कुंदा देतो, दोन डबे. एक तुझा, एक जहाजावर चढलीस की पहिल्या दिवशी गॅलीत नेऊन दे.

तुझा बाबा