मॉन्तोंला अर्धा तास पुरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला फ्रेंच रिव्हिएरावरचा, म्हणजे फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावरचा लेख वाचला. नीस झालं, कान झालं, मोनॅको झालं आणि मॉन्तों या गावाच्या वाट्याला एकच ओळ, लिंबांसाठी प्रसिद्ध म्हणून. वाईट वाटलं म्हणून लिहितोय, कारण त्या लिंबामागे केवढं काय काय घडलंय.

फ्रान्सचं हे अगदी शेवटचं टोक, पुढे लगेच इटली. मागे आल्प्सचे डोंगर जवळजवळ समुद्रापर्यंत उतरलेत, त्यामुळे उत्तरेचा गार वारा अडतो आणि भर हिवाळ्यातही गाव उबदार राहतं, म्हणून तिथे लिंबू होतं. गाव आधी शेजारच्या चिमुकल्या मोनॅकोच्या ग्रिमाल्डी राजघराण्याचं, पण लिंबांच्या निर्यातीवरच्या करानं लोक इतके वैतागले की १८४८ साली मॉन्तों आणि शेजारच्या रोकब्रूननं मोनॅकोपासून फारकतच घेतली! १८६० ला फ्रान्समध्ये जायचं का यावर सार्वमत झालं, १८६१ मध्ये मोनॅकोचा प्रिन्स चार्ल्स तिसरा यानं ४० लाख फ्रँक घेऊन दोन्ही गावांवरचा हक्क फ्रान्सला देऊन टाकला. मोनॅकोची बहुतेक जमीन गेली, उत्पन्न गेलं, मग त्यानं सगळा भर कसिनोवर दिला. म्हणजे आपण ज्याचे फोटो काढतो त्या झगमगाटात या लिंबवाल्यांचाही हात आहे.

पण मला सगळ्यात जास्त भिडली ती तिथली दफनभूमी. जेम्स हेन्री बेनेट नावाचा इंग्रज डॉक्टर १८५९ मध्ये क्षयानं खंगून इथे आला, आता आपण मरणारच असं धरून, आणि हिवाळाभर राहून चक्क सुधारला. त्यानं इथल्या हवेवर पुस्तक लिहिलं आणि मग इंग्लंड, रशिया, जर्मनीहून आजारी माणसं यायला लागली, त्यांच्यासाठी हॉटेलं नि बंगले उभे राहिले, १८६९ ला रेल्वे आली, १८८२ मध्ये राणी व्हिक्टोरियासुद्धा येऊन राहिली. तेव्हा सीझन हिवाळ्याचा असायचा, उन्हात पडून राहायला कोणी येत नव्हतं. सगळेच काही बेनेटसारखे बरे झाले नाहीत हो. चित्रकार ऑब्री बिअर्डस्ली १८९८ मध्ये इथेच गेला, वय फक्त २५.

फेब्रुवारीतल्या लिंबू महोत्सवाबद्दल पुष्कळ लिहून येतं, ते असू दे. आमच्या टूरवाल्यानं मॉन्तोंला अर्धा तास दिला होता आणि मी तो नाकारून एकटा मागे राहिलो, जुन्या गल्ल्यांतून सेंट मिशेल चर्चपाशी गेलो, तिथल्या अंगणात काळ्या-पांढऱ्या गोट्यांची नक्षी आहे, आणि तिथून आणखी चढून जुन्या किल्ल्याच्या जागी असलेल्या त्या दफनभूमीत पोचलो. परदेशी नावं, कोवळी वयं, आणि खाली निळं पाणी. जी माणसं बरी व्हायला म्हणून एवढ्या लांब आली त्यांच्याबद्दल तुमच्या पुरवणीत एक पूर्ण पान यावं, एवढीच कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक