भट्टीवाल्या चाचांना, नाताळच्या फराळाआधी

चाचा, सलाम.

हे पत्र तुमच्या नातीच्या फोनवर येईल आणि ती तुम्हाला ते वाचून दाखवेल, असं आमचं ठरलं आहे. तोंडावर तुमचे आभार मानायचा प्रयत्न मी करून पाहिला. तुम्ही "बस बस, पत्रा उचला, मागे लाइन आहे" म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलात. म्हणून हा मार्ग. चार लोकांसमोर लिहिलं की तुम्हाला मधेच थांबवता येणार नाही.

जे नगरचे नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. (कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर, पण चाचा, तुम्ही आणि मी नगरच म्हणणार.) अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ मध्ये सुरू झालं, आणि आमच्यासारखी मराठी ख्रिस्ती घरं इथे कित्येक पिढ्यांपासून आहेत. आमचा नाताळ सिनेमात दाखवतात तसा नसतो. केक असतो, पण त्याच्या शेजारी करंज्या, चकल्या, शंकरपाळे, चिवडा असं सगळं ताट असतं. दिवाळीत शेजारून जो फराळ येतो, त्याची परतफेड आम्ही डिसेंबरात करतो. आणि या सगळ्यात सर्वांत जास्त लागते ती नानकटाई. नाताळच्या आधी रात्री चर्चच्या मंडळीतले लोक पेटी-ढोलकी घेऊन घरोघर गायला येतात. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं म्हणतात, थंडीत कुडकुडतात, आणि त्यांना चहाबरोबर काहीतरी द्यावं लागतं. वीस-पंचवीस माणसं एका दमात किती नानकटाई संपवतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांनाच कळेल.

एवढी नानकटाई घरच्या छोट्या ओव्हनमध्ये होत नाही. म्हणून कच्ची नानकटाई मांडलेले पत्रे घेऊन बेकरीत जायचं आणि तिथल्या भट्टीत भाजून आणायचे. ही पद्धत मोठ्या शहरांतून बरीचशी गेली. लोक आता तयार डबे आणतात, आणि त्यात वाईट काही नाही. पण नगरला तुमच्या भट्टीपुढे डिसेंबरात अजून रांग लागते. साजूक तूपवाले, डालडावाले, अर्धं-अर्धंवाले. प्रत्येक घराची खूण वेगळी. कुणी काट्याने फुली मारतं, कुणी बदामाचा काप लावतं, आमच्या आईची खूण म्हणजे मधोमध अंगठ्याचा दाब आणि त्यात चारोळी. चिठ्ठी चिकटवली तर ती भट्टीत जळते, म्हणून ही खूणच नावाची पाटी. कुणाचा पत्रा कुणाच्या घरी गेला, असं तुमच्याकडे कधी ऐकलं नाही.

आता मुद्द्याचं. गेल्या डिसेंबरात आई अंगणात घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर कोपरापर्यंत. मी पुण्याहून आले, दादा-वहिनी मुलांना घेऊन आले, आत्या तर आधीपासूनच होती. करायला माणसं भरपूर होती. अडचण निराळीच निघाली. आईला विचारलं, मैदा किती, तूप किती, तर तिला सांगता येईना. तिने आयुष्यात कधी मोजलंच नव्हतं. प्रमाण तिच्या हाताला ठाऊक, आणि हात प्लास्टरमध्ये. ती खुर्चीत बसून "थोडं अजून, थोडं अजून" म्हणायची आणि मग "मला हात लावून बघू दे" म्हणून डावा हात पुढे करायची. डाव्या हाताला काही कळत नव्हतं. मग ती चिडली. मग रडली. नाताळच्या तोंडावर आईला रडताना बघून पुतण्याने विचारलं, यंदा नानकटाई विकत आणायची का? त्यावर आत्याने जे डोळे वटारले, ते तुम्ही बघायला हवे होते.

शेवटी दादा म्हणाला, सामान तसंच घेऊन चाचांकडे जाऊ.

त्या रात्री तुमचे पाव निघाले होते, टोस्ट आत जायचे होते. म्हणजे तुमची जरा पाठ टेकायची वेळ. तुम्ही आमच्या पिशव्या उघडून बघितल्या आणि पहिला प्रश्न विचारलात, "बेसन कुठंय?" आम्ही बेसन नेलंच नव्हतं, कारण आईच्या नानकटाईत बेसन असतं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. तुम्हाला मात्र माहीत होतं. तुम्ही म्हणालात, "ताईंच्या पत्र्याचा रंग बाकीच्यांपेक्षा आधी चढतो. बेसनाशिवाय तसा नाही चढत." इतकी वर्षं आमचे पत्रे तुमच्या हाताखालून गेले आणि तुम्ही ते नुसते भाजले नाहीत, वाचलेत. आमच्या घरची रीत आमच्यापेक्षा तुमच्याकडे नीट जपलेली होती. मी आभार मानते आहे ते खरं तर याचे. भट्टी वापरायला दिलीत, रात्री थांबलात, हे आहेच. पण तसं तुम्ही अर्ध्या नगरसाठी करता.

त्या रात्रीचं प्रमाण मी तुमच्याच हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. इथे देते, म्हणजे आणखी कुणाची आई खुर्चीत अडकली तर उपयोगी पडेल. मैदा ७५० ग्रॅम, बेसन १५०, बारीक रवा १००. तूप ७५०, पिठीसाखर ६००. खाण्याचा सोडा अर्धा चमचा, मीठ चिमूटभर, वेलची आणि जायफळ. पाणी नाही, दूध नाही. आधी तूप परातीत तळव्याने फेसायचं, मग साखर घालून पुन्हा फेसायचं, पांढरं आणि हलकं होईपर्यंत. तुम्ही वाटीत पाणी घेऊन त्यात या तूप-साखरेच्या मिश्रणाचा थेंब टाकायला लावलंत. बुडाला तर अजून फेसा, तरंगला तर झालं. मिश्रणात हवा शिरली की ते तरंगतं, आणि तीच हवा पुढे नानकटाईला खुसखुशीत करते. पुतण्याला हे फारच आवडलं. तो शाळेत प्रयोग म्हणून सांगणार होता, सांगितलंन की नाही देव जाणे.

थंडीतलं तूप आणि उन्हाळ्यातलं तूप यांतला फरकही त्याच रात्री कळला. नगरला डिसेंबरात रात्रीचा पारा दहाच्या खाली सहज जातो. तूप घट्ट असतं, फेसायला दंड भरून येतात, पण हवा धरून ठेवतं. मे महिन्यात तेच तूप पातळ होतं आणि नानकटाई पत्र्यावर पसरते. "ताई उन्हाळ्यात मैदा मूठभर जास्त टाकतात," असं तुम्ही सहज बोलून गेलात. मी आईकडे येऊन विचारलं, तर ती म्हणाली, हो का? मला नाही ठाऊक.

भट्टीवाल्यांबद्दल लोक मोठ्या कौतुकाने सांगतात की ते सगळं अंदाजाने करतात. तुम्ही तसं अजिबात करत नाही. भिंतीवर घड्याळ आहे, त्याच्याखाली पाटी आहे, आणि प्रत्येक पत्रा आत गेल्याची वेळ तुम्ही खडूने लिहिता. भट्टी किती तापली हे बघायला चिमूटभर मैदा आत फरशीवर टाकता आणि तो किती वेळात तांबूस होतो ते बघता. लगेच काळा पडला तर थांबायचं. विटांच्या भट्टीची सगळी गंमत उतरत्या आचेत आहे, हे तुम्ही मुलांना समजावून सांगितलंत. लाकडं जळून गेली, निखारे बाजूला ओढले, तरी भिंती आणि घुमट तासन्‌तास उष्णता सोडत राहतात. सर्वांत कडक आचेवर पाव, ती उतरली की नानकटाई, आणखी उतरली की केक, आणि शेवटी रात्रभर टोस्ट वाळत पडलेले. एका जाळात चार पदार्थ. पुतणी तेव्हापासून आमच्या पुण्याच्या ओव्हनला 'आळशी' म्हणते, कारण तो बंद केला की लगेच गार होतो. (घरच्या ओव्हनवाल्यांसाठी: १६० ते १७० अंश, पंधरा-वीस मिनिटं. बाहेर काढताना मऊ लागते, ती निवल्यावर कडक होते. मऊ आहे म्हणून पुन्हा आत ढकलू नका.)

केकबद्दल मात्र आमचं-तुमचं जमलं नाही, आणि जमणारही नाही. आत्या मनुका, चेरी, संत्र्याच्या साली नोव्हेंबरअखेरपासून नागपुरी संत्र्याच्या रसात भिजवून फ्रीजमध्ये ठेवते. आमच्या घरात रम चालत नाही. साखर जाळून काळा पाक करते, केकला रंग येतो तो त्याचा. तुमचं म्हणणं, पाक कडू झाला आहे. आत्याचं म्हणणं, तो तसाच असतो. तुम्ही दोघांनी भट्टीसमोर हा वाद घातला, तेव्हा आई बाकड्यावर बसून प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून हसत होती. त्या आठवड्यात ती पहिल्यांदा हसली. तुमच्यापुढे मी बोलणार नाही, पण केक छान झाला होता.

आणखी एक गोष्ट. तुम्ही त्या रात्री आमच्याकडून पूर्ण भाजणावळ घेतलीत. दादा जास्त देऊ लागला, ती घेतली नाहीत. कमीही केली नाहीत. किलोमागे जो दर, तो. मला ते फार बरं वाटलं. तुम्ही "राहू द्या, ताई आजारी आहेत" म्हणाला असतात, तर आम्ही तुमच्या दारात मदत मागायला आलेले झालो असतो. तुम्ही आम्हाला गिऱ्हाईकच ठेवलंत. वेळ मात्र गिऱ्हाइकाला देत नाहीत तेवढा दिलात.

ऐकलं की मालक भट्टी गॅसवर नेणार आहेत. मुंबईत उच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडायला सहा महिन्यांची मुदत दिली, तेव्हापासून नगरलाही चर्चा आहेच. लाकडाच्या भट्टीची चव गेली म्हणून हळहळणारे लोक पुष्कळ भेटतील. मीही थोडी त्यांतलीच. पण धुरात उभं कोण राहतं, हे मी त्या रात्री बघितलं आहे. तुमचा खोकला मला फोनवरही ऐकू येतो. गॅस येऊ द्या. नानकटाईचा रंग बेसनाने येतो, हे आता आम्हाला कळलंच आहे.

यंदाच्या सुट्टीचं सांगते. आईचा हात बरा आहे, फक्त परातीत फार वेळ जोर लावता येत नाही, म्हणून तूप फेसायचं काम दादाकडे दिलं आहे. मुलांच्या शाळेला नाताळची जेमतेम आठवडाभर सुट्टी. चोवीसच्या रात्री आणि पंचविसाच्या सकाळी उपासना, त्यानंतर दोन दिवस येणारे-जाणारे. मग मुलांना रेहेकुरीला काळवीट दाखवायला नेणार आहोत आणि परत येताना टँक म्युझियम, कारण पुतण्याने तेवढी एकच अट घातली आहे. पैठणला नाथसागरावर हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात, तिथेही जायचं आहे. वहिनी म्हणते की एका आठवड्यात हे सगळं होत नाही. वहिनीचं सहसा बरोबर असतं.

पण एक गोष्ट नक्की आहे. मामाच्या शेतावर पारनेरला ज्वारी यंदा चांगली आली आहे आणि नवीन वर्षाच्या पहिल्या आठवड्यात हुरडा तयार होईल. एकतीस तारखेपर्यंत तुम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसते, हे माहीत आहे. त्यानंतर एक दिवस सुट्टी घ्या. चाचींना आणि नातीला घेऊन या, गाडी दादा पाठवेल. आगटीजवळ तुम्ही बसायचं नाही, कणसं भाजायची नाहीत, काही सांगायचंही नाही. मामा भाजेल, तुम्ही खायचं. लसणाची चटणी आणि दही आहे, गूळ आहे. मामाला आचेतलं तुमच्याइतकं कळत नाही, तेव्हा काही कणसं करपलेली निघतील. ती मुकाट्याने खायची.

नाताळच्या आधीच्या रविवारी दुपारनंतर आम्ही पत्रे घेऊन येतो. नानकटाई चार किलोची आहे, केक दोन. आत्या यंदा पाक आणखी गडद करणार आहे, तेव्हा तयारीत राहा. भाजणावळ वाढवली असेल तर नातीकरवी आधी कळवा, म्हणजे दादा सुट्टे पैसे आणेल.

तुमची,
चारोळीवाल्या ताईंची धाकटी